जबाबदारी ‘घेतली’ पण जबाबदार ‘ठरले’ नाहीत : मराठीत हे नीट कसं म्हणायचं?

पानपलटी
एका लेखाचं भाषांतर करतेय, विषय सरकारी चुका आणि त्यानंतरच्या कबुल्या. मूळ इंग्रजी लेखात रिस्पॉन्सिबिलिटी आणि अकाउंटेबिलिटी हे दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेत, सगळा युक्तिवादच त्या फरकावर उभा आहे. म्हणणं थोडक्यात असं की मोठ्या पदावरचा माणूस सगळ्यांसमोर “पूर्ण जबाबदारी माझी” म्हणतो आणि ते म्हणून झालं की विषय संपतो, पद तसंच, अधिकार तसेच, ज्यांचं नुकसान झालं तेही तिथेच. मी पहिल्याला जबाबदारी आणि दुसऱ्याला उत्तरदायित्व लिहिलं होतं. संपादकबाईंनी उत्तरदायित्व खोडलं, म्हणाल्या हा परिपत्रकातला शब्द आहे, वाचक अडखळतो, दोन्हीकडे जबाबदारीच ठेवा. आता वाक्य असं झालंय : “त्यांनी जबाबदारी स्वीकारली, पण त्यांच्यावर जबाबदारी आली नाही.” यातून कुणाला काय कळणार? जबाबदेही सुचवला तर त्या म्हणाल्या हिंदी आहे. काय करू?

मोडीवाचक
आधी जबाबदार हा शब्दच उघडून बघा. जबाब अधिक दार. हे दार फारसी, जमीनदार, फौजदार, ठाणेदार यातलं, म्हणजे बाळगणारा, जवळ असणारा. तर जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे जबाब आहे तो. आणि जबाबदेहीतला ‘देह’ म्हणजे देणारा, याचा शरीराशी संबंध नाही. एकाकडे उत्तर आहे, दुसरा ते देतो, तुमच्या लेखातला फरक नेमका हाच नाही का? उत्तर जवळ असणं वेगळं आणि ते द्यावं लागणं वेगळं. त्यामुळे जबाबदेही हिंदीतून आला म्हणून हाकलण्यात अर्थ नाही, दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे, एक आपल्याकडे आधी रुळला एवढंच.

गीर्वाण
मोडीवाचक, मग उत्तरदायी या शब्दाने काय पाप केलंय? दायी म्हणजे देणारा. उत्तरदायी म्हणजे उत्तर देणारा. जबाबदेह शब्दाचा जो अर्थ तुम्ही सांगितलात तो आपल्या शब्दात आधीपासून बसलेला आहे. ‘परिपत्रकातला शब्द’ ही तक्रार मला कायम खटकते. परिपत्रक तरी कुणाच्या भाषेत लिहायचं? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश (कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा) करवून घेतला तेव्हा त्यातले शब्दही लोकांना नवेच वाटले असणार. वापरले की रुळतात. न वापरता ‘रुळत नाही’ म्हणणं हा अन्याय आहे.

शेवंती
पण गीर्वाणजी रुळले कुठे? उत्तरदायित्व मी कुणाच्या तोंडून सहज बोलताना ऐकलं नाहीये, भाषणात ऐकलंय फक्त, आणि भाषणात तो शब्द आला की समजायचं आता ठोस काही येणार नाही. आमच्या ऑफिसात सगळे सरळ अकाउंटेबिलिटी म्हणतात आणि कळतं सगळ्यांना. “याची अकाउंटेबिलिटी कुणाची” म्हटलं की खोलीतले लोक सावध होतात, “जबाबदारी कुणाची” म्हटलं की पाच हात वर होतात. देवनागरीत लिहा आणि पुढे जा.

सरळमराठी
शेवंती, हात वर होतात हे निरीक्षण खूप मोलाचं आहे. कारण जबाबदारी हा शब्द मराठीत मानाचा आहे. “तिच्यावर घरची जबाबदारी आहे”, “मोठी जबाबदारी सोपवली”, यात कौतुक आहे. जबाबदारी घेणे म्हणजे काम अंगावर घेणे, आणि ते पुढच्या काळाबद्दल असतं, झालेल्या गोष्टीबद्दल नसतं. म्हणूनच चूक झाल्यावर जो म्हणतो “मी जबाबदारी घेतो”, तो ऐकणाऱ्याला नकळत मोठा वाटायला लागतो. गुन्हा कबूल करणाऱ्याला कुणी मोठं म्हणत नाही.

पानपलटी, नामांचा नाद सोडा आणि क्रियापदांकडे या. भोवणे, निस्तरणे, भरणे, शेकणे, अंगाशी येणे. परिणामांसाठी मराठीत इतकी धारदार क्रियापदं असताना आपण -त्व आणि -दारी यांच्यात का अडकलोय? तुमचं वाक्य : “त्यांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, पण अंगाशी काहीच आलं नाही.” झालं की.

पानपलटी
सरळमराठी, वाक्य म्हणून फार आवडलं, पण हा शब्द लेखात सारखा येतो, शीर्षकात आहे, उपशीर्षकात आहे, “अकाउंटेबिलिटीच्या यंत्रणा” असंही आहे. तिथे “अंगाशी येण्याच्या यंत्रणा” कसं लिहू? मला नामच लागणार आहे.

दप्तरी
मी पूर्ण नोकरी सरकारी खात्यात काढली, त्यामुळे थोडं लिहितो. तुम्ही सगळे जबाबदारीचं मूळ शोधताय पण ती घेतल्यावर पुढे कागदावर काय होतं ते बघा, तुमचे शब्द तिथे पडलेत. एकदा एका योजनेचे पैसे भलत्याच यादीला गेले, यादी वरून बदलून आली होती. आढावा बैठकीत साहेब सगळ्यांसमोर म्हणाले “पूर्ण जबाबदारी माझी आहे, कर्मचाऱ्यांना दोष देऊ नका”, आम्हाला सगळ्यांना भरून आलं. त्यानंतर ज्या लिपिकाने यादी टाइप केली होती त्याला कारणे दाखवा नोटीस आली, त्याची वेतनवाढ रोखली गेली, आणि साहेबांच्या गोपनीय अहवालात त्या बैठकीतल्या वागण्याबद्दल ‘नेतृत्वगुण उत्तम’ असा शेरा आला. साहेब खोटं बोलले असं मी आजही म्हणत नाही, त्यांना ते मनापासून वाटत होतं, पण नोटीस कुणाच्या नावाने निघते ते वाटण्यावर चालत नाही.

तर आमच्याकडचे शब्द असे. ठपका ही शिक्षा आहे, सगळ्यात हलकी पण शिक्षा, सेवापुस्तकात नोंद होते. निलंबन ही शिक्षा नाही. पेपरात येतं ‘तडकाफडकी निलंबित’ आणि लोकांना वाटतं न्याय झाला, पण निलंबन म्हणजे चौकशी होईपर्यंत कामापासून दूर ठेवणं, निर्वाह भत्ता चालू असतो, आणि चौकशीत काही निघालं नाही तर माणूस सन्मानाने परत. बदली ही तर अजिबातच शिक्षा नाही, नियमांत शिक्षांची यादी आहे त्यात बदली नाहीच. सक्तीची रजा पण नाही. सेवेतून काढणे आणि बडतर्फ करणे यांतसुद्धा फरक आहे, बडतर्फ झालेल्याला पुढे सरकारी नोकरीचा रस्ता साधारणपणे बंद होतो, नुसतं काढलेल्याला होत नाही. आता सांगा या सगळ्यात अकाउंटेबिलिटी कुठे बसवायची.

गीर्वाण
दप्तरीकाका, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. पण यावरून माझाच मुद्दा पक्का होतो, ठपका, निलंबन, बडतर्फी हे सगळे नेमके शब्द आहेत आणि त्यातला निलंबन हा घडवलेलाच शब्द आहे. तो रुळला, तर उत्तरदायित्व का रुळू नये?

सरळमराठी
निलंबन रुळला कारण ते रोज घडतं. उत्तरदायित्व घडतच नाही, मग शब्द कसा रुळणार.

इतिहासवेडा
उशिरा आलो. आधी नैतिक जबाबदारी या जोडशब्दाबद्दल बोलूया, कारण सगळी गडबड ‘नैतिक’ने केलीय असं माझं मत आहे.

१९५६ साली अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. त्याच वर्षी मेहबूबनगरच्या अपघातानंतरही त्यांनी दिला होता, तेव्हा नेहरूंनी स्वीकारला नव्हता. दुसऱ्या वेळी स्वीकारताना नेहरूंचं म्हणणं असं होतं की शास्त्री अपघाताला जबाबदार आहेत म्हणून नाही, तर घटनात्मक औचित्याचा दाखला राहावा म्हणून. हे नीट वाचा. म्हणजे तेव्हा नैतिक जबाबदारीचा अर्थ होता : दोष माझा नसला तरी किंमत मी मोजतो. आज तोच शब्द वापरून म्हणतात : दोष माझा आहे असं समजा हवं तर, पण किंमत मोजणार नाही. अर्थ पार उलटा झालाय आणि शब्द तोच आहे. कोशात याची नोंद व्हायला हवी असं मला तळमळीने वाटतं.

शेवंती
पण शास्त्रीजी १९५७च्या निवडणुकीनंतर परत मंत्री झालेच ना, आणि १९६४ला पंतप्रधान. मग किंमत कुठली?

इतिहासवेडा
शेवंती, प्रश्न रास्त आहे आणि एकट्या शास्त्रींचा नाही. मुंदडा प्रकरणात (आयुर्विमा महामंडळाचे पैसे उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवले गेले ते) टी. टी. कृष्णमाचारींनी १९५८ला अर्थमंत्रिपद सोडलं, १९६२ला परत मंत्रिमंडळात. विमान वाहतूक मंत्री असताना माधवराव सिंदियांनी १९९३ला भाड्याने घेतलेल्या विमानाच्या अपघातावरून पद सोडलं, त्या अपघातात कुणी दगावलंही नव्हतं, आणि १९९५ला ते मनुष्यबळ विकास मंत्री झाले. गैसलच्या अपघातानंतर १९९९ला नितीशकुमारांनी रेल्वे सोडली, २००१ला रेल्वेच परत. २६/११ नंतर आर. आर. पाटलांनी गृहमंत्रिपद सोडलं, २००९च्या निवडणुकीनंतर पुन्हा गृहच. बाहेर बघा, फॉकलंडवर अर्जेंटिनाने ताबा घेतल्यावर १९८२ला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी पद सोडलं, १९८४ला नाटोचे सरचिटणीस. पश्चिम जर्मनीच्या विली ब्रांट यांनी आपल्या कार्यालयात हेर सापडला म्हणून १९७४ला चॅन्सेलरपद सोडलं, पक्षाध्यक्षपद १९८७पर्यंत चालू.

पण मी यांना आणि न सोडणाऱ्यांना एका माळेत ओवणार नाही. खुर्ची सोडणाऱ्याने ती परत मिळेल की नाही हे माहीत नसताना सोडलेली असते.

मोडीवाचक
राजीनामा निघालाच आहे तर. राजी अधिक नामा, म्हणजे संमतीचा कागद! जुन्या महसुली व्यवहारात शेतकरी जमीन सोडताना राजीनामा लिहून द्यायचा आणि नवा खातेदार कबुलायत. राजीनामा-कबुलायत अशी जोडीच असायची. कोर्टातसुद्धा तडजोडीच्या कागदाला राजीनामा म्हणत. म्हणजे मुळात या शब्दात ना दोष आहे, ना शिक्षा, ना लाज. “मी राजी आहे” एवढंच. तो पुढे ‘पद सोडणे’ झाला आणि मग आपण त्याला शिक्षेच्या जागी बसवलं.

माफी बघा, तेही तसंच. सारामाफी, कर्जमाफी. माफ म्हणजे सूट दिलेला. माफी मागणे म्हणजे शब्दशः सूट मागणे. दिलगीर म्हणजे नुसता दुःखी, जुन्या पत्रांत घरात कुणी गेलं तरी माणूस ‘दिलगीर’ होतो, त्यात चूक कबूल करण्याचा अंशही नाही. मंत्री ‘दिलगिरी व्यक्त’ करतात तेव्हा ते मूळ अर्थाने बरोबरच बोलतात, मला वाईट वाटलं, बस.

सरळमराठी
मोडीवाचक, मूळ अर्थाचा आधार देऊन आजच्या माणसाला सोडू नका हो. आज दिलगिरी म्हणजे चूक मानणं, ऐकणारा तसंच ऐकतो आणि बोलणाऱ्याला ते माहीत असतं. चारशे वर्षांपूर्वी शब्द काय होता यावरून आज कोण सुटला हे ठरत नाही.

मोडीवाचक
मी कुणाला सोडत नाहीये. शब्दात भोक कुठे आहे ते दाखवतोय, म्हणजे पळणारा कुठून पळतो ते कळेल. आणि एक गंमत नाही, महत्त्वाची गोष्ट आहे : इंग्रजी रिस्पॉन्सिबल लॅटिनच्या ‘उत्तर देणे’वरून, जर्मन फेरआंटवोर्टुंग ‘आंटवोर्ट’ म्हणजे उत्तरवरून, रशियन अत्वेत्स्त्वेन्नस्त ‘अत्वेत’ म्हणजे उत्तरवरून, फारसी जवाबवरून, आपलं उत्तरवरून. इतक्या भाषांना एकच सुचलं, की जबाबदारी म्हणजे कुणीतरी विचारणार आणि याला बोलावं लागणार. विचारणारा नसेल तर शब्दच अर्धा राहतो. त्या विचारण्याला आपल्याकडे जाब आहे. जाब हा जबाबचाच आखडलेला प्रकार, म्हणजे मूळ अर्थ उत्तर, पण आपण म्हणतो ‘जाब विचारला’. पानपलटी, “जाबदारी” असा शब्द केला तर?

गीर्वाण
जाबदारी आणि जबाबदारी एकमेकांशेजारी ठेवल्यावर वाचकाला छपाईची चूक वाटेल. आणि उत्तरदायित्वावर तेव्हा आक्षेप काय होता, की वाचक अडखळतो! मग घडवलेला शब्द चालणार, फक्त संस्कृत नको, असा याचा अर्थ झाला.

मोडीवाचक
संस्कृत नको असं मी कुठेही म्हटलेलं नाही. उत्तरदायित्व हा जबाबदेहीचा तर्जुमा आहे एवढंच म्हणतोय. तर्जुमा वापरायचा तर मूळ का नको?

गीर्वाण
कारण मूळ हिंदीतून येतोय आणि हिंदीतून आजकाल सगळंच येतंय. मला त्याची खरंच काळजी वाटते.

कलमबहाद्दर
भांडण चालू राहू दे, मी कायद्याच्या बाजूने एक सांगतो. घटनेच्या अनुच्छेद ७५ प्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं. सामुदायिक या शब्दाचा फायदा दोन्ही बाजूंनी घेतला जातो, सगळे जबाबदार म्हणजे एकटा कुणीच नाही. पण मुंदडा प्रकरणाची चौकशी करणाऱ्या न्या. छागलांनी उलट दिशेने बोट ठेवलं होतं, सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची, त्याला सचिवाच्या मागे लपता येणार नाही. दप्तरींच्या साहेबांची गोष्ट वाचताना मला तेच आठवलं.

आणि परिणाम जोडलेली जबाबदारी कशी दिसते ते बघायचं असेल तर माहितीच्या अधिकाराचं कलम २० वाचा. मुदतीत माहिती दिली नाही आणि त्याला सबळ कारण नाही, तर जनमाहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड, आणि तो त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः बसतो. ते कलम कुणाला “मी जबाबदारी स्वीकारतो” म्हणायला सांगत नाही, नाव लिहितं आणि आकडा लिहितं. मात्र हा दंड माहिती अधिकाऱ्याला. प्रथम अपील ऐकणाऱ्या वरिष्ठाला कलम २० लागत नाही. अकाउंटेबिलिटी खालच्या पायरीवर नेमकी आणि वर जाताना पातळ होत जाते, हे आपल्या कायद्यात असं लिहूनच ठेवलंय.

शेवंती
कलमबहाद्दर, “वर जाताना पातळ” हे लेखात घ्यावं असं आहे. केनेडींचं कुणी आणलं नाही म्हणून मी आणते. क्यूबातलं सरकार उलथवायची अमेरिकेची बे ऑफ पिग्जची मोहीम १९६१च्या एप्रिलमध्ये फसली, केनेडी पत्रकारांना म्हणाले सरकारचा जबाबदार अधिकारी मी आहे. त्यानंतर गॅलपच्या पाहणीत त्यांची लोकप्रियता ८३ टक्क्यांवर गेली. सीआयएचे संचालक अ‍ॅलन डलेस मात्र त्याच वर्षी पदावरून गेले. म्हणजे कबुली देणाऱ्याचा मान वाढला आणि पद दुसऱ्याचं गेलं. सरळमराठींनी वर जे मानाच्या शब्दाबद्दल लिहिलं ते इंग्रजीतही तितकंच खरं आहे, फक्त मराठीचा दोष नाही.

इतिहासवेडा
जपानीत ‘सेकिनिन ओ तोरु’ म्हणजे शब्दशः जबाबदारी घेणे, पण राजकारणात ते ऐकलं की लोक साधारणपणे राजीनामाच समजतात. शब्द तोच असून समाज त्याला परिणाम जोडू शकतो.

सरळमराठी
आणि अतिरेकी संघटना स्फोटाची ‘जबाबदारी स्वीकारते’, तिथे जबाबदारी म्हणजे श्रेय. तिथे आम्ही केलं असं मिरवायचं असतं. बातम्यांमध्ये हे दोन्ही वापर शेजारी शेजारी येतात आणि कुणाला खटकत नाही, मला दर वेळी खटकतं.

दप्तरी
मला वाटतं खरी पळवाट नामात नाही, क्रियापदातच आहे. सरकारी टिपणीत कुणीच काही करत नाही. “अनियमितता आढळून आली”, “त्रुटी राहून गेल्या”, “विलंब झाला”. मी स्वतः अशी पानंच्या पानं वाचलीत, कर्ता सापडत नाही. सगळं आपोआप झालेलं. अमेरिकेचे अध्यक्ष रेगननी १९८७च्या भाषणात इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर गंभीर चुका ‘झाल्या’ असंच म्हटलं होतं, नंतर मार्चमध्ये जबाबदारी घेतली. भाषा कुठलीही असो, हा प्रयोग सगळ्या दप्तरांना येतो.

गीर्वाण
इथे मात्र दप्तरीकाकांना विरोध. मराठीत “माझ्या हातून चूक झाली” हे सरळ, प्रामाणिक वाक्य आहे. “मी चूक केली” हे त्या मानाने अलीकडचं आणि इंग्रजी वळणाचं वाटतं. ‘झाली’ म्हटलं म्हणून माणूस पळतोय असं नाही. पळतो तो ‘माझ्या हातून’ गाळणारा.

सरळमराठी
गीर्वाण, हे अगदी पटलं. त्याहून सरळ “मी चुकलो” किंवा “चुकलं माझं”. यातून ‘मी’ काढताच येत नाही, चुकलो म्हटलं की कोण ते क्रियापदच सांगतं. एखाद्या निवेदनात “आम्ही चुकलो” वाचल्याचं कुणाला आठवतंय का? “चुकीबद्दल खेद आहे” असतं. खेद आहे, कुणाला आहे तेही नाही.

मोडीवाचक
चुकणेवरून सांगतो, चुकवणे म्हणजे टाळणे, कर चुकवला, नजर चुकवली. आणि चुकता करणे म्हणजे फेडणे, हिशेब चुकता केला. एकाच धातूतून चूक, पळवाट आणि परतफेड तिन्ही निघाले. पानपलटी, तुमच्या लेखाला याहून चांगलं काय मिळणार, “चूक मान्य, पण चुकती नाही”.

गीर्वाण
थांबा. चुकता वेगळा आहे. प्राकृतात चुक्कइ म्हणजे चुकतो, ढळतो, त्यावरून आपला चूक. हिशेबातला चुकता हिंदीच्या चुकाना, चुकना म्हणजे संपणे, यावरून. हिंदीत संपण्याचं चुकना ऱ्हस्व आणि चुकण्याचं चूकना दीर्घ, दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे उकार सारखा झाला म्हणून एकत्र दिसतात.

मोडीवाचक
ऱ्हस्व-दीर्घावरून धातू वेगळे ठरत नाहीत. एखादी गोष्ट हातातून निसटली की ती संपली, अर्थ तिथून सरकला असू शकतो. आणि मघाशी हिंदीतून येणाऱ्या शब्दांची काळजी होती ना तुम्हाला, मग चुकता पण काढायचा का आता? पिढ्यानपिढ्या लोक हिशेब चुकता करतायत.

पानपलटी
सगळं वाचतेय, खूप मिळालं. पण मला अजून शीर्षकासाठी नाम हवंय, उद्या मजकूर द्यायचाय. उत्तरदायित्व की जबाबदेही?

गीर्वाण
उत्तरदायित्व.

मोडीवाचक
जबाबदेही. आणि गीर्वाण, चुकत्याचं उत्तर दिलं नाहीत तुम्ही.

गीर्वाण
देतो. ‘फेडणे’ हा आपला शब्द असताना चुकता करणे मुळात लागतोच कशाला? कर्ज फेडलं, नवस फेडला, ऋण फेडलं. पांग फेडले.

दप्तरी
फेडणे आणि चुकता करणे एक नाही हो. फेडणं हप्त्याहप्त्याने चालू शकतं, चुकता म्हटलं की खातं बंद. वसुलीच्या कागदात दोन्ही वेगवेगळे लिहितात, मी लिहिलेत.

मोडीवाचक
दप्तरीकाका, असा एखादा जुना वसुलीचा नमुना आठवत असेल तर त्यातली वाक्यरचना इथे द्याल का? त्यात ‘चुकता’ कर्त्याला लागतो की रकमेला, ते बघायचंय.